परदेशातून दत्तक : आमच्या घरी आलेले बहीण-भाऊ

मेघना_कोलंबस (धागाकर्ती)

दत्तकाच्या एका जुन्या धाग्यावर मी चार ओळी टाकल्या आणि त्यावर इतके व्यनि (खाजगी निरोप) आले की वेगळा धागाच काढावा म्हटलं.

आम्ही ओहायोत राहतो. नवरा सातारचा, मी डोंबिवलीची, दोघंही आता अमेरिकन नागरिक. २०२४च्या उन्हाळ्यात ओडिशातून सख्खे बहीण-भाऊ दत्तक घेतले. घरी आली तेव्हा मोठी सात वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा. कागदावर तरी. दोघांच्या जन्मतारखा डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेल्या आहेत. नावं आणि गाव लिहिणार नाही. मोठीला आता वाचता येतं, उद्या हा धागा तिच्याही हाती लागेल. आमच्याकडे यायच्या आधी त्यांचं काय झालं हेही कृपया विचारू नका, ते सांगायचं की नाही हे तीच दोघं ठरवतील.

मोठं मूल का, हा पहिला प्रश्न असतो. सरळ उत्तर असं की दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या आत लागते. आमची त्याच्या पुढे गेली होती. पण तो नियम नसता तरी आम्ही मोठ्या मुलांकडेच वळलो असतो. मला रात्री उठून बाटल्या उकळायची हौस कधीच नव्हती. भावंडं घ्यायची कल्पना नवऱ्याची. तो स्वतः चार भावंडांतला.

एक दिवस दत्तक एजन्सीचा मेल आला. दोन फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल. ९६ तासांत 'हो, आम्ही या मुलांचा विचार करतो' एवढं कळवायचं असतं, मग सही करायला ३० दिवस मिळतात. आम्ही अहवाल इथल्या एका बालरोगतज्ज्ञांना दाखवले, त्या परदेशातून येणाऱ्या दत्तक मुलांचंच बघतात. वजन-उंची कमी, रक्त कमी, दात किडलेले. बाकी त्यांनी सांगितलं की कागदावरून मूल कळत नाही, मी काही वचन देणार नाही. हे ऐकून मला उलट धीर आला.

संस्थेत सगळ्या बायकांना मुलं 'माउसी' म्हणायची, त्यामुळे मीही बरेच दिवस माउसीच होते. नवऱ्याला काय म्हणायचं ते मात्र कळेना, कारण तिथे पुरुष म्हणजे एक तर सामान घेऊन येणारा रिक्षावाला, नाहीतर डॉक्टर. पहिल्या भेटीत धाकटा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि 'आऽऽ' करून तोंड उघडलं. नवऱ्यानेही इमानदारीत दात तपासले.

आता जे लिहायला बसले ते. आम्हाला वाटलं होतं आपण दोन मुलांचे आईबाप होणार. प्रत्यक्षात घरात एक आई आधीच आली होती, सात वर्षांची. धाकट्याला ती भरवायची, त्याचं ताट संपलं की मग स्वतः जेवायची. रात्री त्याला उठवून लघवीला न्यायची. मी टॉवेल घेऊन पुढे झाले की टॉवेल माझ्या हातातून ओढून घ्यायची, अजिबात न रागावता, कामवाल्या बाईच्या हातून एखादी गोष्ट काढून घ्यावी तशी. तो पडला तरी रडत तिच्याकडे जायचा. मी शेजारीच उभी असायचे.

गादीखाली पोळ्या सापडायच्या. मोज्यांच्या कप्प्यात बिस्किटं, उशीच्या अभ्र्यात अर्धं केळं. त्याबद्दल आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे आरडाओरडा केला नाही. तिच्या हाताला येईल असा एक डबा तिच्या नावाने ठेवला, त्यात चकल्या, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. तो कधीही रिकामा होऊ द्यायचा नाही एवढाच नियम. पोळ्या लपवणं महिन्या-दोन महिन्यांत थांबलं. डबा अजून आहे.

समुपदेशक बाईंनी एक गोष्ट बजावली होती: तिचं काम एकदम काढून घेऊ नका, तिच्यापाशी तेवढंच आहे. मग वाटणी केली. धाकट्याचे कपडे तिने निवडायचे, अंघोळ मी घालायची. गोष्ट बाबाने सांगायची, दिवा तिने मालवायचा. हे वाचायला सोपं वाटतं, पण अंघोळीच्या वेळी ती दाराबाहेर बसून राहायची आणि पाण्याचा आवाज बदलला की दार वाजवायची.

ऑक्टोबरात शाळेत फायर ड्रिल झाली. ती पहिलीत, हा त्याच इमारतीत बालवर्गात. भोंगा वाजला तशी सगळी पोरं रांगेने बाहेर निघाली आणि ही रांग सोडून उलटी आत पळाली. लहान मुलांच्या झोपेची वेळ होती. तिने त्याला अंथरुणातून उचललं, बूट एका हातात, तो कडेवर, आणि मागच्या दाराने पार्किंगमध्ये आली. पाठीमागे दोन शिक्षिका धावत होत्या. मला शाळेतून फोन आला तेव्हा मुख्याध्यापिकेचा आवाजच थरथरत होता. बाई समजूतदार निघाल्या. पुढच्या ड्रिलला त्यांनी बालवर्गाची रांग हिच्या वर्गासमोरच उभी केली. तो दिसतोय म्हटल्यावर ही जागची हलली नाही.

खाण्याचं सांगते, कारण ते मजेचं आहे. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांनी हौसेने मऊ भात, वरण, तूप, मेतकूट असा बेत केला. मोठीने वरण बाजूला सारलं, भातात पेलाभर पाणी ओतलं, मीठ घातलं आणि खुणेने कांदा मागितला. ओडिशात पखाळ खातात, पाण्यात भिजवून ठेवलेला भात. सासूबाई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि मग कांदा फोडायला उठल्या. आता आमचा रविवारचा बेत ठरलेला: पखाळ, वांग्याचं भरीत आणि तळलेली सुकी मासळी. आमच्या सासरच्या स्वयंपाकघरात मासळीचा वास म्हणजे पाप होतं. नातीपुढे कोणाचं काही चाललं नाही.

एक विनंती. 'केवढं पुण्याचं काम केलंत' हे मुलांसमोर म्हणू नका. धाकट्याने एकदा विचारलं, पुण्य म्हणजे आपण का? आम्हाला मुलं हवी होती म्हणून आणली, यात पुण्य कुठून आलं?

कागदपत्रांचं नवरा लिहील. त्याचा आयडी उगाच 'फायलीवाला' नाही.

गोदाकाठची

मेघना, दात तपासलेले वाचून हसले आणि मग डोळे पुसले. किती वेळ लागला आणि खर्च किती, हे जमलं तर लिही. नणंदेला हवंय, ती टेक्सासात आहे.

फायलीवाला

हजर. आमचं अर्ज ते विमान तीन वर्षांच्या आतबाहेर झालं. अमेरिकेच्या बाजूने लिहितो, इतर देशांतल्यांनी आपापलं बघावं.

पहिली गोष्ट, ज्यावर सगळे अडखळतात. भारत २००३ पासून हेग कराराखाली (एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, अमेरिकेत तो २००८ पासून लागू आहे. म्हणजे डोंबिवलीतल्या ओळखीच्या अनाथाश्रमात जाऊन, मूल पसंत करून, वकिलाकडून कागद करून विमानात बसणं हा प्रकार विसरा. भारतातली एकच अधिकृत वाट, ती म्हणजे 'कारा', केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. इथे काराने मान्यता दिलेली एजन्सी धरायची आणि जोडप्यातला निदान एक जण अमेरिकन नागरिक हवा. ग्रीन कार्ड चालत नाही.

मग होम स्टडी. सोशल वर्कर घरी येते, दोघांना वेगवेगळं बसवून विचारते. भांडण झालं की कोण आधी बोलतं, हा प्रश्न आम्हाला आला होता. आमची उत्तरं जुळली नाहीत. त्याने काही बिघडत नाही. अठराव्या वर्षानंतर जिथे जिथे राहिलो त्या प्रत्येक राज्यातून बाल-अत्याचाराच्या नोंदवहीत आपलं नाव नसल्याचा दाखला लागतो. मी नोकऱ्या बदलत पाच राज्यं फिरलोय, त्यामुळे माझी फाइल जाड. घरातल्या प्रत्येक प्रौढाचे बोटांचे ठसे. आई सहा महिन्यांसाठी आली होती तर तिचेही घ्यायला सांगितले. तिला वाटलं आपल्याला नागरिकत्व मिळतंय.

होम स्टडी झाली की इमिग्रेशनकडे आय-८००ए, म्हणजे आम्ही पालक व्हायला पात्र आहोत का याचा अर्ज. ही मंजुरी १५ महिने टिकते, मुदत वाढवून घेता येते, तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. मग काराच्या पोर्टलवर नोंदणी आणि प्रतीक्षा. मूल स्वीकारल्यावर त्या ठरावीक मुलासाठीचा अर्ज, आय-८००, वकिलातीचं पत्र, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र. त्यानंतर दत्तकाचा आदेश. पूर्वी हे काम कोर्टात व्हायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी आदेश देतात. आमच्या कलेक्टर बाईंनी मोठीला विचारलं, जाणार का यांच्याबरोबर? ती म्हणाली, भाऊ पण? बाई म्हणाल्या, भाऊ पण. मग हो म्हणाली.

आदेशानंतर नवा जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झाल्याचं) आणि शेवटी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसा. दत्तकाचे व्हिसा दिल्लीलाच होतात, मुंबईला नाही. दोन वर्षांवरच्या मुलांची क्षयाची रक्ततपासणी होते. धाकट्याची पॉझिटिव्ह आली, मग एक्स-रे, तो स्वच्छ निघाला. पण तेवढे दिवस दिल्लीतल्या एका खोलीत चौघं जण, बाहेर जूनचं ऊन आणि टीव्हीवर एकच कार्टून. आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो ते तिथे, असं माझं मत. मेघनाचं वेगळं आहे.

आयएच-३ व्हिसावर (हेगच्या वाटेने भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा) मूल अमेरिकेत उतरलं की त्याच क्षणी नागरिक होतं, २००० सालच्या कायद्याने. प्रमाणपत्र घरी येतं. ते आलं की फ्रेम करू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

खर्च: संस्थेला द्यायची रक्कम काराने ठरवून दिलेली आहे, ५,००० डॉलर. बाकी एजन्सी, होम स्टडी, इमिग्रेशन, विमान, हॉटेल. सगळं मिळून नवी कोरी चांगली गाडी येईल एवढं. त्यातलं काही करातून परत मिळतं. २०२४ सालासाठी मुलामागे १६,८१० डॉलरपर्यंत क्रेडिट होतं, उत्पन्नाची मर्यादा आहे, त्या वर्षी संपलं नाही तर पुढच्या पाच वर्षांत वापरता येतं. पावत्या जपा.

प्रतीक्षायादी_पुणे

लिहू की नको विचार करत होते. आम्ही नवरा-बायको तीन वर्षं काराच्या यादीत आहोत. रोज सकाळी उठून पोर्टल उघडायचं, नंबर बघायचा. इथली मुलं इथल्यांनाच पुरत नाहीत आणि परदेशातल्यांना मिळतात, हे वाचून पोटात काहीतरी होतंच. तुमच्याबद्दल राग नाही, मेघनाताई. पण डॉलर असले की रांग छोटी होते का?

मेघना_कोलंबस

राग आला असता तरी चाललं असतं. रांगेचं सांगते. भारतीय नागरिकत्व असलेले अनिवासी भारतीय आणि तुम्ही एकाच ज्येष्ठता यादीत असता, पैशाने नंबर वर जात नाही. आमच्यासारख्या ओसीआयवाल्यांना (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) आणि परदेशी जोडप्यांना मूल दाखवतात ते इथल्या पालकांकडून राहिल्यावर. आणि राहतात ती कोण? मोठी मुलं, भावंडं, आजार किंवा अपंगत्व असलेली. आमच्या दोन्ही मुलांची फाइल भारतातल्या कुटुंबांपुढून जाऊन आलेली होती. तुमच्या अर्जात वयोगट कोणता भरलाय ते मी विचारणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. दोन वर्षांच्या आतलं निरोगी बाळ हवं असणाऱ्यांची रांगच लांब आहे.

प्रतीक्षायादी_पुणे

दोन वर्षांच्या आतलंच भरलंय. सासूबाईंचा हट्ट, आणि खरं सांगायचं तर माझाही. मोठ्या मुलाला आपण आवडलो नाही तर, ही भीती.

मेघना_कोलंबस

ती भीती खोटी नाही. आमच्या मोठीला मी पहिले सहा महिने आवडत नव्हते. मला ती आवडायची, पण तेही रोज नाही. त्यातून रोजचं जेवण, दप्तर, दात घासणं चालूच राहतं आणि मग कधीतरी ती वेणी घालायला तुमच्याचकडे येते. तुमचं काय ठरेल ते ठरो, वयोगट वाढवायचाच असेल तर सासूबाईंना आधी एखाद्या संस्थेत सात-आठ वर्षांच्या मुलांमध्ये तासभर बसवा.

टपरीवरचा_चहा

मुलं अमेरिकेतली का नाही घेतली? तिथेही अनाथ असतीलच. आणि सात वर्षांनंतर संस्कार कसे होणार, रक्त कुठलं ते माहीत नाही...

आजीबाई_नाशिक

टपरीवरच्या चहा, तुमच्या प्रतिसादातला दुसरा अर्धा भाग थंड झालाय, ओतून टाका. आमची लेक पाच वर्षांची असताना घरी आली, १९८६ साली. आता ती मला बीपीची गोळी घेतली का म्हणून रोज दटावते. रक्त तिचं की माझं, ते डॉक्टरांनीही अजून विचारलं नाही. मेघना, डबा रिकामा होऊ न देण्याचं अगदी बरोबर. आमच्याकडे गुळाची ढेप होती.

मेघना_कोलंबस

आजी _/\_

अमेरिकेतलं का नाही याचं उत्तर देते, प्रश्न रास्त आहे. इथे फॉस्टर केअरमधली (तात्पुरती दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेली) मुलं सरकारच्या ताब्यात असतात आणि व्यवस्थेचा पहिला प्रयत्न त्यांना आपल्या घरी परत पाठवण्याचा असतो. तो योग्यच आहे. त्यासाठी मूल सांभाळून, जीव लावून परत द्यायची तयारी लागते. आमच्या शेजारच्या घरात ती आहे, आमच्यात नव्हती.

लायडनकर

थोडा कडू सूर लावते, माफ करा. मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतातून आलेली मुलं आता पन्नाशीला टेकलीत. त्यातल्या एकीबरोबर मी मुंबईला आले होते, दुभाषी म्हणून. तिच्याकडे एक पिवळा पडलेला कागद होता, त्यावर संस्थेचा शिक्का आणि 'आई अज्ञात'. संस्थेतल्या रजिस्टरमध्ये त्याच तारखेला आईचं नाव लिहिलेलं होतं. ती बाई खाली बसली ती उठेचना.

२०२१ मध्ये इथे योस्त्रा समितीचा अहवाल आला. बांगलादेश, ब्राझील, कोलंबिया, इंडोनेशिया, श्रीलंका या देशांतून झालेली दत्तकं तपासली होती. खोटे कागद, पैसे, सगळं बाहेर आलं आणि सरकारला ठाऊक असून डोळेझाक झाली असंही म्हटलं. २०२४ मध्ये सरकारने परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या एकमेव एजन्सीने काम थांबवलं आणि चीननेही परदेशी लोकांना मुलं देणं बंद केलं, नातेवाइकांचा अपवाद ठेवून. तुमची मुलं आनंदात आहेत, छानच. पण 'हेग आहे, कारा आहे, सगळं पारदर्शक आहे' एवढ्यावर मी निर्धास्त होणार नाही.

मेघना_कोलंबस

माफी कशाला? आमच्या मनात हे होतंच. भारतातही १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला नियम घालून द्यावे लागले, ते असेच प्रकार होत होते म्हणून. कारा आली १९९० मध्ये. नियम आले म्हणून लबाड माणसं संपत नाहीत, हे मला पटतं.

आम्ही काय केलं ते सांगते. बाल कल्याण समितीच्या आदेशापासून प्रत्येक कागदाची प्रत मागून घेतली, ओडियातलीसुद्धा, जी आम्हाला वाचता येत नाही. मुलांना सांभाळणाऱ्या माउशींचे फोटो काढले, नावं लिहून घेतली. मोठी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते, सुरुवातीला रोज, आता सणावाराला. त्या कॉलनंतर ती चिडचिड करते. तरी बंद केलेला नाही.

लायडनकर

ओडियातले कागद घेतलेत हे उत्तम. भाषांतरावर कधीही विसंबू नका, आमच्या कागदात घोळ तिथेच होता. आणि मूळ शोधण्याचा अर्ज काराकडे अठरा वर्षांनंतर मुलं स्वतः करू शकतात, त्याआधी आईवडिलांबरोबर. त्रयस्थाला माहिती देत नाहीत. मी दुभाषी म्हणून गेले तेव्हा मलाही खोलीबाहेर बसवलं होतं.

एच१बी_वाला

वाचतोय, फार चांगला धागा. फायलीवाले, एक प्रश्न. मोठा भाऊ आणि वहिनी अपघातात गेले. पुतण्या नऊ वर्षांचा आहे, सध्या माझ्या आईकडे, कोल्हापूरला. आईला आता झेपत नाही. वकील म्हणतो हिंदू दत्तक कायद्याने आठ दिवसांत कागद करून देतो. मी एच-१बीवर, बायको ग्रीन कार्डवर. करून टाकू का?

फायलीवाला

फार वाईट झालं. आधी हे वाचा आणि मगच वकिलाला फोन करा.

घाईने दत्तक करू नका. १९५६च्या कायद्याने होणारं दत्तक भारतात वैध असलं तरी अमेरिकेचा व्हिसा त्याने आपोआप मिळत नाही. नागरिक असलेल्या जोडप्याला हेगच्या वाटेनेच जावं लागतं, मूल सख्ख्या भावाचं असलं तरी. आणि त्यात आय-८००ची मंजुरी दत्तकाच्या आधी लागते. आधी दत्तक करून मग अर्ज केला की फाइल अडकते. तुमच्यात सध्या कोणीच नागरिक नाही, म्हणजे ती वाट आज तुम्हाला बंदच. दुसऱ्या वाटेत, जी ग्रीन कार्डवाल्यांनाही खुली आहे, मूल सोळा वर्षांच्या आत दत्तक झालेलं हवं आणि दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि त्याच्याबरोबर प्रत्यक्ष राहणं लागतं. म्हणजे दोघांपैकी एकाने कोल्हापूरला येऊन राहायचं. बायको आली तर दोन वर्षं बाहेर राहून तिचं ग्रीन कार्ड धोक्यात येतं, त्यामुळे कोणी यायचं तेही विचारूनच ठरवा.

बायकोचं नागरिकत्व कधी होऊ शकतं ते आधी मोजा. पुतण्या नऊचाच आहे, थोडा वेळ हाताशी आहे. तोवर आईला मदतीला माणूस ठेवा आणि भारतातल्या वकिलाकडून फक्त पालकत्वाचं काय करता येईल ते विचारा. दत्तकाचं बोलायचं ते अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाशी, तेही हेग दत्तक केलेल्या. प्रत्येक जण करत नाही, पहिल्या फोनवरच विचारून घ्या. आमच्या वकीलबाईंचा नंबर व्यनि करतो.

एच१बी_वाला

बायकोला आठ महिन्यांनी अर्ज करता येईल. वकिलाला थांबवलं. नंबर पाठवा.

मेघना_कोलंबस

पाठवलाय, व्यनि बघा. आणि पुतण्याशी रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओवर बोला, आत्तापासून. कोल्हापूरची संध्याकाळ म्हणजे तुमची सकाळ, ऑफिसच्या आधी जमेल.